कुठली केरी, हे एजंटाने विचारले पाहिजे

प्रति,
माहिती तंत्रज्ञान, इलेक्ट्रॉनिक्स आणि दळणवळण खाते,
गोवा सरकार, पणजी.

विषय: सरकारी सेवा एआय एजंटांसाठी खुल्या करण्यापूर्वी त्या सेवांच्या वर्णनांची जाहीर परीक्षा घेण्याबाबत.

महोदय, महोदया,

समजा, परदेशात नोकरी करणाऱ्या एखाद्या गोंयकाराने मोबाइलवरच्या एआय एजंटाला सांगितले, ‘केरीच्या कुळागराचा एक-चौदा काढून दे.’ एक-चौदा म्हणजे आपल्या खेडेगावातल्या जमिनीचा उतारा. आता केरी फोंडा तालुक्यात आहे, पेडण्यात तेरेखोलच्या तोंडाशी आहे आणि सत्तरीत चोर्ला घाटाच्या वाटेवरही आहे. तलाठी असता तर त्याने आधी विचारले असते, ‘कुठली केरी?’ एजंट तसे विचारील की नाही, हे बहुतांशी एका गोष्टीवर ठरते: जमिनीची नोंद काढणारे जे टूल आपण त्याच्या हाती दिले, त्याच्या वर्णनात हे लिहिले आहे की नाही. हे पत्र त्या वर्णनाविषयी आहे. मी फोंड्यात राहतो आणि अशी टूल्स बनवणे हा माझा रोजचा धंदा आहे. पुढे जे मागितले आहे ते अगदी मनापासून मागितले आहे.

आधी हे चालते कसे ते थोडक्यात सांगतो. एजंट म्हणजे भाषेचे मॉडेल आणि त्याला वापरायला दिलेली टूल्स. मॉडेलला आपला डेटाबेस दिसत नाही, त्यामागचा कोडही दिसत नाही. त्याला एक यादी मिळते. यादीत प्रत्येक टूलचे नाव, ते काय करते हे सांगणाऱ्या चार ओळी आणि कोणती माहिती भरावी लागते त्याचा तक्ता असतो. ओपनएआयने जून २०२३ मध्ये टूल्स जोडण्यासाठी फंक्शन कॉलिंगची सोय आणली, अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, जाहीर केला. दोन्हींत मांडणी हीच: नाव, वर्णन, तक्ता. आपल्या सेवेविषयी मॉडेलला जे कळायचे ते एवढ्यातूनच कळते. त्यात जे राहून गेले ते मॉडेल अंदाजाने भरून काढते, आणि तो अंदाज त्याने आजवर जे वाचले त्यावरून येतो.

इथेच गोव्याची अडचण आहे. मराठीत जमिनीविषयी जे छापले गेले ते बहुतेक महाराष्ट्राचे. त्यामुळे ‘जमिनीचा उतारा’ म्हटले की मॉडेलच्या डोक्यात सातबारा आणि गट नंबर येणार. आपल्याकडे खेडेगावात एक-चौदा चालतो आणि त्याला तालुका, गाव, सर्व्हे नंबर आणि पोटविभाग लागतो. शहर मोजणीच्या हद्दीत गेलात की सगळे बदलते. तिथे नमुना डी, आणि ओळख पटते ती पी. टी. शीट नंबर आणि चलता नंबर यांवरून. टूलच्या तक्त्यात नुसता ‘नंबर’ असा रकाना ठेवला, तर एजंट चलता नंबर निमूटपणे सर्व्हे नंबरच्या जागी भरील. त्या नंबरची कुठली तरी जमीन बहुधा असतेच. ती निघेल, नोंद छान दिसेल, कुठेही लाल अक्षरांत चूक झाली असे येणार नाही. माणसाच्या हाती दुसऱ्याच्याच जमिनीचा कागद पडेल. टूल बंद पडले तर निदान कळते. असे चुकले तर मामलेदार कचेरीत किंवा सब-रजिस्ट्रारसमोर उभे राहीपर्यंत कळत नाही.

योजनांचे तेच. ‘गृह आधार’ ही आपली गृहिणींसाठीची योजना. टूलच्या नावात नुसते ‘आधार’ ठेवले तर आधार कार्डाचे प्रश्न तिकडे जातील आणि योजनेचे प्रश्न आधार कार्डाकडे. ‘लाडली लक्ष्मी’ नावाची योजना गोव्यात आहे तशी मध्य प्रदेशातही आहे. तिथली मुलीच्या जन्मापासून सुरू होते, आपली वयात आलेल्या तरुणीसाठी आहे. नाव एक आणि नियम निराळे. वर्णनात ‘गोवा सरकारची’ हे दोन शब्द आणि पात्रतेची एक ओळ नसेल, तर एजंट एखाद्या आईला भलत्याच राज्याचे नियम समजावून सांगेल, आणि ते इतक्या नेटक्या मराठीत सांगेल की तिला शंकासुद्धा येणार नाही.

आमच्या फोंडा तालुक्याची गोष्ट तर याहून गुंतागुंतीची. जानेवारी २०१५ मध्ये हा तालुका उत्तर गोवा जिल्ह्यातून दक्षिण गोव्यात गेला. २०११ च्या जनगणनेत मात्र तो उत्तर गोव्यातच मोजलेला आहे. म्हणजे ‘फोंडा तालुक्याची लोकसंख्या’ विचारणाऱ्याला जनगणनेच्या आकड्यांसाठी एक जिल्हा भरावा लागतो आणि आजच्या दाखल्यासाठी दुसरा. त्यात लोकसभेचे वेगळेच: प्रियोळ विधानसभा मतदारसंघ फोंडा तालुक्यातला, पण लोकसभेला तो उत्तर गोव्यात मोडतो, तर फोंडा, शिरोडा आणि मडकई दक्षिण गोव्यात. ‘जिल्हा’ असा एकच रकाना आणि पुढे काही स्पष्टीकरण नाही, अशा टूलने ही तिन्ही कामे बरोबर होणार नाहीत. शिवाय सिंधुदुर्गात कणकवलीजवळ फोंडाघाट आहे. लोक त्यालाही नुसते फोंडा म्हणतात.

यावर उपाय अवघड नाही. एकाच टूलची दोन वर्णने पाहा. पहिले असे:

‘जमिनीची नोंद मिळवते. माहिती: गाव, नंबर.’

आणि दुसरे असे:

‘गोव्यातील खेडेगावांच्या जमिनीचा नमुना एक-चौदा दाखवते. नोंदीत कोणताही बदल करत नाही. शहर मोजणीच्या हद्दीतील मिळकतीसाठी हे टूल वापरू नये. चलता नंबर किंवा पी. टी. शीट नंबर दिला असेल तर नमुना डीचे टूल वापरावे. तालुका, गाव, सर्व्हे नंबर आणि पोटविभाग या चारही गोष्टी आवश्यक. सर्व्हे नंबर ४५/२ असा दिला असेल तर ४५ हा सर्व्हे नंबर आणि २ हा पोटविभाग. त्याच नावाचे गाव एकाहून अधिक तालुक्यांत असेल, जसे केरी, तर अंदाज न करता विचारावे. नोंद सापडली नाही तर तसे सांगावे; जवळचा नंबर लावून पाहू नये.’

दुसऱ्या वर्णनात संगणकाची विद्या फारशी नाही. तलाठ्याला जे पाठ असते तेच त्यात लिहिले आहे. टूल कधी वापरावे याइतकेच कधी वापरू नये हे त्यात आहे, शेजारच्या टूलशी गल्लत कुठे होईल हे आहे, आणि माहिती अपुरी पडली की काय करायचे हेही आहे. चूक झाल्यावर येणारा निरोपही वर्णनाचाच भाग धरायला हवा. ‘एरर ४००’ एवढेच परत आले तर एजंट चाचपडत राहतो. ‘या नावाची गावे फोंडा, पेडणे आणि सत्तरी तालुक्यांत आहेत, तालुका विचारा’ असे आले तर तो पुढच्याच पावलाला सावरतो. गावाच्या नावांचा घोळ टाळायला केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक गावाला क्रमांक दिलेलाच आहे. टूलने आत तो क्रमांक वापरावा आणि नावावरून क्रमांक शोधायला वेगळे टूल ठेवावे. डिचोली, पेडणे, केपे ही नावे इंग्रजी कागदांवर किती वेगळ्या वळणाने लिहिली जातात हे आपल्या खात्याला मी सांगायला नको.

तरीही, महोदय, दुसरे वर्णन चांगले आहे असे मी म्हणतो म्हणून ते चांगले ठरत नाही. या पत्राचा मुख्य मुद्दा हाच आहे. वर्णनांची तपासणी आज अनेक ठिकाणी वाचून होते. समिती वाचते, सल्लागार वाचतो, हल्ली तर दुसऱ्या मॉडेललाच गुण द्यायला सांगतात. अशा वाचनातून मजकूर पूर्ण आणि नीटनेटका दिसतो की नाही एवढे समजते. एजंट त्यावरून बरोबर काम करतो की नाही, हे त्याच्याकडून काम करवून घेतल्यावरच समजते.

याची उदाहरणे एका मोठ्या कंपनीनेच दिली आहेत. अँथ्रॉपिकने आपल्या क्लॉड मॉडेलला वेबवर शोधण्याचे टूल दिले, तेव्हा मॉडेल शोधाच्या शब्दांना विनाकारण ‘२०२५’ जोडत होते आणि त्याने निकाल बिघडत होते. कंपनीच्या २०२५ मधल्याच लेखात हे नोंदलेले आहे, आणि ती खोड टूलचे वर्णन सुधारून घालवल्याचेही. वर्णन वाचून ही खोड कुणाच्या लक्षात आली नसती; प्रत्यक्ष वापरातच ती दिसली. त्याच वर्षी जूनमध्ये त्यांनी आणखी एक अनुभव लिहिला. एका एजंटाला सदोष टूल पुनःपुन्हा वापरायला लावून त्याचे वर्णन नव्याने लिहवून घेतले, आणि ते नवे वर्णन वापरणाऱ्या एजंटांचा काम पुरे करण्याचा वेळ ४० टक्क्यांनी घटला.

एकदा बरोबर आले म्हणून भरवसा ठेवू नये, हेही दिसून आले आहे. विमान कंपनी आणि दुकान यांच्या ग्राहकसेवेवर बेतलेली टाऊ-बेंच ही चाचणी जून २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या वेळच्या जीपीटी-४ओसारख्या अव्वल मॉडेललाही निम्म्याहून कमी कामे जमली. आणि तेच काम आठ वेळा दिले तर आठही वेळा बरोबर येण्याचे प्रमाण दुकानाच्या कामांत २५ टक्क्यांच्या आत राहिले. त्यानंतर मॉडेल्स पुष्कळ सुधारली. मोजण्याची ती रीत मात्र सरकारी सेवेने जशीच्या तशी घ्यावी अशी आहे. नागरिकाला त्याचा दाखला सरासरीने मिळत नाही. प्रत्येक वेळी बरोबर मिळावा लागतो.

तेव्हा परीक्षा कशी असावी ते सांगतो. प्रश्नपत्रिका खिडकीवरून यावी. नागरिक सेवा केंद्रात, मामलेदार कचेरीत, पंचायतीत लोक कसे विचारतात ते तिथले कर्मचारी सांगू शकतील. कुणी मराठीत विचारतो, कुणी देवनागरी कोंकणीत ‘म्हाका इन्कम सर्टिफिकेट जाय’ म्हणतो, कुणी तेच रोमी लिपीत टाइप करतो, कुणी हिंदीत, कुणी तिन्ही भाषा एकत्र करून. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणी राजभाषा केली आणि मराठीच्या वापरालाही जागा ठेवली. रोमी कोंकणी आपल्या घराघरांत आहेच. इंग्रजीत उत्तीर्ण झालेले वर्णन या सगळ्यांत टिकते का, हे प्रत्येकात वेगवेगळे तपासावे लागेल.

प्रश्न नाना तऱ्हेचे हवेत. सरळ प्रश्न हवेत. अपुरे प्रश्न हवेत, केरीसारखे, ज्यांत विचारणे हेच बरोबर उत्तर आहे. दोन टूल्सच्या सीमेवरचे हवेत. ज्यांना आपल्याकडे टूलच नाही असेही हवेत. फोंडाघाटच्या जमिनीविषयी विचारले तर ‘ही नोंद महाराष्ट्राची, इथे मिळणार नाही’ म्हणता आले पाहिजे. तारखा आणि रकमा असलेले हवेत: ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च, उत्पन्न महिन्याचे की वर्षाचे, आर्थिक वर्ष कुठले. आणि जिथे चूक महाग पडते असे हवेत: अर्जाची स्थिती विचारली असता एजंट अर्ज मागे तर घेत नाही ना.

गुण देताना पाच गोष्टी वेगळ्या मोजाव्यात. योग्य टूल निवडले का. रकाने बरोबर भरले का. जिथे थांबून विचारायचे तिथे विचारले का. जिथे टूल वापरायचेच नव्हते तिथे हात आवरला का. आणि शेवटी नागरिकाला सांगितले ते टूलने दिलेल्या माहितीशी जुळते का. प्रत्येक प्रश्न अनेकदा विचारावा. एका वेळी एकच वर्णन बदलावे, नाहीतर सुधारणा कशामुळे झाली ते कळत नाही. काही प्रश्न वर्णन लिहिणाऱ्यांपासून लपवून ठेवावेत, नाहीतर वर्णन त्याच प्रश्नांपुरते घोटले जाते. एकाहून अधिक मॉडेल्सवर तपासावे. लोक कुठला एजंट वापरतील ते सरकारच्या हाती नाही. आणि वर्णनातून काय काढता येईल हेही याच परीक्षेतून पाहावे. साऱ्या टूल्सची वर्णने एजंटाला कामाआधी वाचावी लागत असतील, तर प्रत्येक फालतू ओळ खर्च वाढवते आणि लक्ष विचलित करते.

बदल करणाऱ्या टूल्सविषयी जादा काळजी हवी. टूल फक्त वाचते की काही पुसूनही टाकू शकते, हे सांगायची सोय एमसीपीत आहे. काहीच सांगितले नाही तर ते पुसू शकते असे धरावे, असेच त्या नियमांत आहे. पण या नुसत्या सूचना आहेत. त्यांवर आंधळेपणाने विसंबू नये, असेही तेच नियम सांगतात. खरे कुलूप सर्व्हरवर लागते आणि खरी संमती नागरिकाकडून घ्यावी लागते. एप्रिल २०२५ मध्ये इन्व्हेरियंट लॅब्ज या एआय सुरक्षेच्या कंपनीने दाखवून दिले की टूलच्या वर्णनातच छुप्या सूचना पेरून एजंटाला भलत्या कामाला लावता येते. वापरणाऱ्याला ते वर्णन सहसा दिसतही नाही. म्हणून सरकारी टूलचे वर्णन हा सार्वजनिक दस्तऐवज असावा. ते कुणी, केव्हा, काय म्हणून बदलले याची नोंद राहावी आणि बदल झाला की परीक्षा पुन्हा व्हावी.

मॉडेल्स आणखी हुशार होतील, मग वर्णनांवर एवढा खल कशाला, असे कुणी म्हणेल. कितीही हुशार झाले तरी त्या माणसाचे कुळागर कुठल्या केरीत आहे हे मॉडेलला ठाऊक असणे शक्य नाही. सेवेचे नियम, तिच्या मर्यादा आणि तिच्या आजूबाजूच्या सेवा ज्याला ठाऊक त्यानेच ते लिहायचे असते. ते काम आपले आहे.

आणि हे काम करणारे हात इथेच आहेत. फर्मागुडीला १९६७ साली स्थापन झालेले गोवा अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. त्याच आवारात २०१६ मध्ये आयआयटी गोवा सुरू झाली. तिथल्या विद्यार्थ्यांना चाचणीची यंत्रणा उभारता येते. फोंडा, पेडणे, डिचोली, सत्तरीच्या तलाठ्यांना आणि सेवा केंद्रांतल्या कर्मचाऱ्यांना प्रश्न आणि बरोबर उत्तरे ठाऊक आहेत. या दोघांना एका टेबलाशी बसवणे हे खात्याला सहज जमण्यासारखे आहे. त्याला मोठी निविदा काढावी लागत नाही.

म्हणून माझी विनंती अशी:

१. कोणतीही सरकारी सेवा एजंटांसाठी खुली करण्याआधी तिच्या टूल्सची वर्णने जाहीर करावीत आणि नागरिकांच्या सूचना घ्याव्यात.

२. वर्णन लिहिताना त्या सेवेचे रोजचे काम पाहणारा कर्मचारी सोबत असावा आणि त्याच्या मान्यतेशिवाय वर्णन अंतिम होऊ नये.

३. मराठी, देवनागरी कोंकणी, रोमी कोंकणी, हिंदी आणि इंग्रजी अशा पाचही रूपांतला प्रश्नसंच तयार करावा. त्यातला काही भाग राखून ठेवावा, बाकीचा सर्वांना खुला करावा.

४. प्रत्येक टूलचा निकाल भाषावार प्रसिद्ध करावा. जे टूल एखाद्या भाषेत नापास झाले, ते त्या भाषेत चालू करू नये.

५. अर्ज भरणे, मागे घेणे, नोंद बदलणे अशा टूल्सना नागरिकाच्या स्पष्ट संमतीवाचून काहीही करता येऊ नये.

सुरुवात एक-चौदाच्या एकाच टूलने करा. ते तिन्ही केरींवर पारखा, निकाल लोकांसमोर ठेवा आणि मगच पुढच्या सेवेला हात घाला. या कामात वेळ देण्याची माझी तयारी आहे, आणि माझ्यासारखे अनेकजण फोंड्यात आहेत. आपण फक्त बोलवा.

आपला नम्र,
फोंड्यातील एक सॉफ्टवेअर अभियंता